खोक्यावर किंमत किती लिहू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या मैत्रीण ३४ वर्षांच्या आहेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षांपासून टोकियोत, निशी-कासाईला राहतात. सासर सातारा जिल्ह्यातल्या एका गावी. सासू-सासरे तिथेच असतात, थोरले दीर आणि जाऊबाई त्यांच्याजवळ. आजवर यांनी घरी चार पार्सलं पाठवली. पहिलं सुखरूप पोचलं. दुसऱ्या वेळी पोस्टाच्या काउंटरवरच्या माणसाने हाताने लिहिलेला कागद परत केला आणि खोका उघडून सेंटची बाटली आणि नेलपॉलिश बाहेर काढायला लावलं. मागे रांग खोळंबली होती. घरी येऊन त्यांना रडू आलं. तिसरं पार्सल (सासऱ्यांचे बूट, पायांचा मसाजर) पोचलं तेव्हा पोस्टमनने कस्टमचे दोन हजारांवर रुपये मागितले. सासऱ्यांनी भरले आणि फोनवर म्हणाले, "अगं, तुझी भेट आम्हीच विकत घेतली की!" चौथं पार्सल ओळखीच्या माणसाबरोबर दिलं, ते सहा महिने पुण्यात कुणाच्या तरी कपाटात पडून राहिलं. आता दिवाळीचा खोका भरायचा आहे. नवरा म्हणतो, "गिफ्ट लिही, किंमत ५०० येन टाक, सगळे तसंच करतात." जाऊबाई म्हणतात, "कशाला एवढा खर्च करतेस, इथे सगळं मिळतं." खोटी किंमत लिहू, की पाठवणंच बंद करू, असं त्या विचारतात. आणि शेवटी कंसात: मी इथे परकी आहे म्हणूनच हे माझ्या वाट्याला येतं का?

प्रिय मैत्रिणी,

कंसातल्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलात, पण सगळ्यात जास्त टोचतोय तोच, असं मला वाटलं.

तुमचा कागद परत आला तो तुमच्या नावामुळे किंवा चेहऱ्यामुळे नव्हे. १ मार्च २०२४ पासून जपानच्या टपाल खात्याने परदेशी जाणाऱ्या, वस्तू असलेल्या टपालासाठी हाताने लिहिलेली लेबलं घेणं जवळजवळ बंदच केलं आहे. आत काय आहे, किती आहे, किमतीला किती आहे, ही माहिती संगणकावरून आधी पुढच्या देशाच्या कस्टमला जावी लागते आणि पार्सल तिच्या मागून जातं. हे जपान्यांनाही तितकंच लागू आहे. अमेरिकेतल्या नातवाला खाऊ पाठवायला आलेल्या जपानी आजीचाही हाताने लिहिलेला कागद त्या काउंटरवरून परत जातो. फरक एवढाच, की तिला "का" ते तिच्या भाषेत समजावून सांगता येतं. तुमच्या वाट्याला नुसती मान हलवणं आणि दोन्ही हातांची फुली आली. कारण न कळता नकार मिळाला की माणूस तो स्वतःवरच ओढून घेतो. तुम्ही तेच केलंत आणि त्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही.

सेंट आणि नेलपॉलिशचंही तसंच. दोन्हींत पटकन पेट घेणारे द्रव असतात, म्हणून ते विमानाच्या टपालात चालत नाहीत. केसांचे स्प्रे चालत नाहीत, सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चालत नाहीत. मी १९९४ ते १९९८ अशी चार वर्षं नागोयात होते. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली सेंटची बाटली माझ्याही खोक्यातून बाहेर आली होती. काउंटरवरच्या बाईंनी ती दोन्ही हातांत धरून, वाकून मला परत दिली. मला ते वाकणंसुद्धा अपमानासारखं वाटलं. भाषा थोडी कळायला लागल्यावर एकदा त्याच बाईंनी मला सांगितलं, की खोका उघडायला लावताना त्यांनाच ओशाळल्यासारखं होतं. परक्या देशात आपण तिशी ओलांडलेल्या बाया अचानक पाचवीतल्या मुली होतो. साधा फॉर्म भरता येत नाही, साधा प्रश्न कळत नाही. ते खरं आहे, त्याचा शीण खरा आहे, आणि तो मी नाकारणार नाही. पण शीण वेगळा आणि अपमान वेगळा. या दोन्हींची गाठ सोडवलीत तर पुढच्या वेळी त्या दारातून आत जाणं सोपं होईल.

आता लेबल घरी बसून करा. जपान पोस्टच्या संकेतस्थळावर परदेशी टपालासाठी इंग्रजी पान आहे. तिथे एकदा नाव नोंदवलंत की पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता कायमचा साठवून ठेवता येतो. घरी प्रिंटर नसेल तर फोनवर मिळणारा चौकोनी कोड बऱ्याच पोस्टांतल्या यंत्राला दाखवायचा, लेबल तिथे छापून मिळतं. वस्तूंची नावं इंग्रजीत आणि नेमकी लिहा. नुसतं "कपडे" चालणार नाही, "पुरुषांचा सुती शर्ट, १" असं हवं. "खाऊ" चालणार नाही, "तांदळाची बिस्किटं, ३ पाकिटं" हवं. कस्टमचा सहा आकडी वर्गीकरण क्रमांक विचारला तर घाबरू नका. जगभर एकाच पद्धतीने वापरतात तो. सुती टी-शर्ट म्हणजे ६१०९१०, टोकियोतही तोच आणि मुंबईतही तोच. काउंटरवर मग फार बोलावं लागत नाही. "इंदो माडे, ईएमएस दे ओनेगाई शिमास" एवढं पाठ करा, म्हणजे "भारतापर्यंत, ईएमएसने (पोस्टाच्या जलद परदेशी टपालाने), कृपा करून". ते विचारतील, "नाकामी वा नान देस का", आत काय आहे? तेव्हा फक्त लेबलवर बोट ठेवा.

पत्त्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण गावाकडचा पत्ता परदेशी फॉर्मच्या चौकटीत बसवताना बहुतेक जण चुकतात. फॉर्म रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक मागतो. आपल्याकडे असतं मु. पो., तालुका, जिल्हा आणि "मारुतीच्या देवळामागे". ते सगळं रोमन अक्षरांत तसंच लिहा, देवळासकट. शेवटचे तीन किलोमीटर ते पार्सल ज्याच्या हातात असतं त्या पोस्टमनला देऊळच कळतं. सासऱ्यांचा फोन नंबर भारताचा ९१ लावून लिहा. आणि पिनकोड दोनदा तपासा. महाराष्ट्रात वडगाव किती, पिंपरी किती, निमगाव किती! सारख्या नावांच्या गावांतली अशी गल्लत टळावी म्हणूनच तर पिनकोड आला. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने. ते टपाल खात्यातले मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा पट्टा, आणि पुढे एकेक आकडा तुमच्या गावाच्या पोस्टाजवळ नेत जातो. पत्ता खोक्याच्या आतही एका कागदावर लिहून ठेवा. आषाढ-श्रावणात खोका ओला झाला आणि वरचं लेबल सुटलं, तर आतला कागद कामाला येतो. त्याच कारणासाठी सगळं सामान आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, मग खोक्यात ठेवा.

आता तुमच्या नवऱ्याचा सल्ला. दुसऱ्यांदा काउंटरवरून रडत येऊ नये म्हणून ते बिचारे सोपा रस्ता सुचवतायत, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. पण त्या सल्ल्याखाली दोन समज आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत.

पहिला समज, की "गिफ्ट" लिहिलं की कर लागत नाही. एके काळी यात तथ्य होतं. भारतात ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीला शुल्क माफ असे. मग परदेशी विक्रेते खरेदीचा मालही भेट म्हणून पाठवू लागले आणि डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने ती वाट बंद केली. तेव्हापासून टपालाने किंवा कुरिअरने आलेली वस्तू भेट म्हणून शुल्काशिवाय सोडवून घेता येत नाही. अपवाद दोनच ठेवले: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीबरोबर घातलेली भेटवस्तू नाही, नुसती राखी. त्या रुक्ष आदेशात बहिणींची आठवण कुणीतरी ठेवली, याचं मला आजही बरं वाटतं. पूर्ण शुल्क भरून भेट पाठवायला मात्र कुणाची हरकत नाही. म्हणजे लेबलवर भेट असेल तर भेट हाच रकाना निवडा, ते खरंच आहे. फक्त त्या शब्दाने पैसे वाचतील ही आशा धरू नका. तुमच्या सासऱ्यांना पैसे भरावे लागले ते तुम्ही काही चुकलात म्हणून नव्हे. नियमच तसा आहे.

याच नियमात एक लहानशी सवलत आहे आणि ती तुमच्या उपयोगाची आहे. शुल्काची रक्कमच १०० रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ती घेत नाहीत. म्हणजे जड खोका भरून वर्षातून एकदा पाठवण्यापेक्षा हलकी, थोडक्या किमतीची वस्तू पाठवली तर घरच्यांना बहुधा काहीच भरावं लागणार नाही. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून मी आकडा सांगत नाही. पाठवण्याआधी त्या वर्षीचा दर पाहून घ्या.

दुसरा समज, की ५०० येन लिहिल्याने कुणाचंच काही बिघडत नाही. बिघडतं, आणि आधी तुमचंच. ईएमएसने पाठवलेल्या पार्सलला २०,००० येनपर्यंतची भरपाई भाड्यातच धरलेली असते, वर थोडे पैसे भरले की ती वाढवताही येते. पण खोका हरवला तर तुम्ही स्वतः लिहिलेल्या किमतीच्या वर तुम्हाला काही मागता येत नाही. पंधरा हजार येनचे बूट आणि जाकीट गेलं तर हाती येणार ५०० येन. शिवाय भारतात खोका उघडणाऱ्या अधिकाऱ्याला नवे बूट पाहून किमतीचा अंदाज येतोच, तो स्वतः किंमत ठरवू शकतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली खोट्या माहितीवर आणलेला माल जप्त करता येतो आणि दंडही करता येतो. आणि ते सगळं निस्तरायला तिथे कोण असेल? तुम्ही नाही. सत्तरीतले सासरे असतील. तुमच्या सोयीसाठी लिहिलेल्या आकड्याचा जाब त्यांना विचारला जाईल. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. म्हणून "किती लिहू" याचं माझं उत्तर एका ओळीचं आहे: पावतीवर आहे तेवढी, एक येनही कमी नाही. पावतीची एक प्रत खोक्यात ठेवा.

"सगळे तसंच करतात" हे मी नागोयातही ऐकत होते. ज्यांचं निभावलं ते सांगतात, ज्यांचं अडकलं ते गप्प बसतात, म्हणून आपल्याला सगळ्यांचं निभावतंय असं वाटत राहतं.

मग शुल्काचं काय? पुढच्या वेळी खोका निघाला की त्याच दिवशी सासऱ्यांना फोन करा आणि स्पष्ट सांगा: "बाबा, यावर कस्टमचे पैसे लागतील, अंदाजे इतके. ते मी तुमच्या खात्यात टाकलेत. पोस्टमन पावती देईल, ती घ्या." पैसे आधी पोचले म्हणजे भेट पुन्हा भेट होते. हे मी फक्त तुम्हाला सांगत नाही. परदेशातून घरी काहीही पाठवणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी.

याला दुसरंही कारण आहे. "तुमचं परदेशी पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या लिंकवर पैसे भरा" किंवा "पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला अटक होईल" असे फोन आपल्याकडे सर्रास येतात. ज्यांच्याकडे खरंच परदेशातून पार्सल यायचं असतं ते म्हातारे अशा फोनला लगेच बळी पडतात, कारण त्यांना ते खरं वाटतं. घरच्यांना पार्सलचा नंबर आधीच कळवून ठेवा. दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी जपानचं जेपी, असा तो असतो. भारतीय टपालाच्या संकेतस्थळावरही तोच चालतो. सासऱ्यांना बजावून सांगा, की टपालाने आलेल्या पार्सलचं शुल्क पोस्टमनकडे किंवा पोस्टात भरायचं आणि पावती घ्यायची. कुणाच्या खाजगी खात्यात किंवा फोनवर आलेल्या लिंकवर काही भरायचं नाही. कस्टमच्या प्रत्येक खऱ्या पत्रावर एक ओळख क्रमांक असतो आणि तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ लावून ठेवायला सांगा. खाजगी कुरिअर जलद असतं, पण ते घेणाऱ्याकडे आधार किंवा पॅनची कागदपत्रं मागतात. गावी एकट्या म्हाताऱ्यांना ते त्रासाचं होतं, आणि खरी मागणी कुठली, खोटी कुठली हा घोळ वर. तुमच्या घरासाठी मी साधं ईएमएसच निवडेन.

ओळखीच्या माणसाबरोबर पाठवण्याबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला स्वतःलाच ते पटलेलं दिसत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला बंद खोका कधी देऊ नका आणि कुणाचा घेऊ नका. बॅग स्वतः भरलीत का, हा प्रश्न विमानतळावर त्याला विचारतात, त्याचं खरं उत्तर त्याला देता आलं पाहिजे. द्यायचंच असेल तर उघडी पिशवी, आत यादी आणि पावत्या, आणि पुण्यात ती कोण, कुठल्या तारखेला घेऊन जाणार ते ठरलेलं. ते ठरलेलं नव्हतं म्हणून तुमची पिशवी कपाटात राहिली. त्या माणसाने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. आपलं ओझं दुसऱ्याच्या यादीत नेहमी शेवटी असतं, इतकंच.

दिवाळीच्या खोक्याची वेळ सांगून ठेवते. टोकियोहून मुंबईपर्यंतचा प्रवास झपाट्याने होतो, पण पुढे कस्टम, सणाची गर्दी आणि मुंबईहून गावापर्यंतचा रस्ता यांत दिवस जातात. खोका नवरात्राच्या आधीच निघू द्या. जहाजाचं टपाल स्वस्त पडतं, पण दोन-तीन महिने धरावे लागतात, आणि ते त्या वेळी चालू आहे का तेही काउंटरवर विचारून घ्यावं लागतं. मी भाचीच्या बारशासाठी झबलं जहाजाने पाठवलं होतं. पोचलं तेव्हा ती पालथी पडायला लागली होती आणि झबलं दंडातून वर जाईना. आमच्या घरी ते अजून आहे, तिच्या मुलीला आलं!

उलट दिशेने, म्हणजे आई फराळ पाठवणार असेल, तर एकच गोष्ट सांगा: अनारशांना खसखस लावू नको. जपानमध्ये खसखस आणायची तर ती उष्णता देऊन न उगवणारी केलेली असल्याचा पुरावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत तर खसखशीला बंदीच आहे, तेव्हा दुबई-शारजातल्या वाचकांनी हे आपल्या घरी आजच कळवावं. ताजा कढीलिंबही नको, तो वनस्पतींच्या तपासणीत अडकतो. चिवडा, चकली, शंकरपाळे कोरडे आणि हवाबंद पाकिटात असू द्यावेत.

आणि तिसऱ्या पार्सलमधला पायांचा मसाजर "अजून खोक्यातच आहे, वापरत नाहीत" असं तुम्ही थोडं दुखावून लिहिलंय. वापरत नाहीत तेच बरं आहे. जपानमधली घरातली वीज १०० व्होल्टची, आपल्याकडची २३० ची. मागच्या बाजूला "१०० ते २४०" असं छापलेलं नसेल तर तो इथल्या प्लगात लावताच जळेल, कदाचित धूर होईल. हे वाचून झाल्या झाल्या घरी फोन करा आणि तो लावू नका म्हणून सांगा. राइस कुकर, हेअर ड्रायर, जपानी बाजारासाठी बनलेली कुठलीही तापणारी किंवा फिरणारी वस्तू पाठवण्याआधी ती छापील ओळ वाचायची.

आता त्या प्रश्नाकडे येते जो तुम्ही विचारलेला नाही.

सासऱ्यांचं वाक्य तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे. "तुझी भेट आम्हीच विकत घेतली की!" तुम्ही तो टोमणा म्हणून ऐकलात. असेलही, तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही. पण मला ते वाचताना वाटलं, की साताऱ्याकडच्या एखाद्या आजोबांनी पैसे मोजून, खोका उघडून, बूट पायात घालून हसत हसत हेच म्हटलं असतं. तुम्हीच लिहिलंय, की ते बूट ते रोज सकाळी फिरायला घालून जातात. न आवडलेले बूट माणूस रोज घालत नाही. फोनवर आवाज येतो, चेहरा दिसत नाही. एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांनाच विचारा, "बाबा, त्या वेळी राग आला होता का?" विचारायला धीर लागतो, पण मनात ठेवण्यापेक्षा ते हलकं आहे.

जाऊबाईंचं "कशाला एवढा खर्च करतेस" हे तुम्ही असं ऐकलंत, की तुझी इथे गरज नाही. पत्रात एका ठिकाणी तुम्ही लिहिता, "त्या रोज करतात, मला निदान वर्षातून दोन खोके तरी पाठवायला हवेत ना." या "ना"पाशी मी थांबले. तुम्ही सासू-सासऱ्यांच्या सेवेतला आपला वाटा किलोवर मोजताय. दवाखान्याच्या फेऱ्या, गुडघ्याला लावायचं तेल, रात्रीचं उठणं, हे सगळं जाऊबाईंच्या पारड्यात, आणि तुमच्या पारड्यात खोका. तो कधीच पुरेसा जड होणार नाही, म्हणून तुम्ही दर वेळी आणखी काहीतरी भरता. मग शुल्क वाढतं, मग किंमत खोटी लिहावीशी वाटते. पार्सलच्या अडचणीचं मूळ मला इथे दिसतं.

जाऊबाई रोज जे करतात त्याची बरोबरी टोकियोहून होणार नाही, आणि ती तुमच्याकडून कुणी मागितलेलीही दिसत नाही. त्यांना सरळ विचारा, "वहिनी, तुमचं काय हलकं करू?" कदाचित त्या म्हणतील, दर महिन्याची औषधं तू तिथून मागवत जा. भारतातल्या दुकानातून गावी औषधं, किराणा, गुडघ्याचा पट्टा पोचवणं टोकियोत बसून दोन मिनिटांत होतं आणि त्याला कस्टम लागत नाही. कदाचित त्या म्हणतील, वर्षातून पंधरा दिवस तू इथे ये आणि मला माहेरी जाऊ दे. हे ऐकायला आवडेल की नाही ते तुम्ही ठरवा. पण खोक्यापेक्षा त्याचं वजन नक्की जास्त आहे.

म्हणजे पाठवणं बंद करा असं मी म्हणतेय का? नाही. बंद करू नका. जपानहून आलेलं काहीतरी हातात धरण्यात त्या घराला जो आनंद होतो तो मला ठाऊक आहे. तो पुण्याच्या दुकानातून पाठवलेल्या डब्याला येत नाही. फक्त काय पाठवायचं ते तुमच्या मनातल्या पारड्यावरून ठरवू नका, त्यांच्या बोलण्यावरून ठरवा. आणि ते त्यांनी सांगितलेलं आहे. पत्राच्या दुसऱ्या पानावर, गोधड्यांचा विषय निघाला तिथे तुम्ही सासूबाईंबद्दल जाता जाता लिहून गेलात: "आईंना आता सुईत दोरा ओवता येत नाही, त्या दोनदा म्हणाल्या की तुमच्या जपानात वरून दोरा दाबला की आपोआप आत जातो अशी सुई मिळते म्हणे." दोनदा म्हणाल्या! खोक्यात तुम्ही मसाजर घातलात, जाकीट घातलंत, सेंट घालणार होतात. ती सुई एकदाही गेली नाही.

ती सुई मिळते. टोकियोत कुठल्याही १०० येनच्या दुकानात शिवणकामाच्या फळीवर पाहा, नाहीतर शिवणाच्या साहित्याच्या दुकानात. दोन-तीन जाडीच्या घ्या, गोधडीला जाड लागते. टोकांना पुठ्ठा लावून चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे पाकिटातून बाहेर येऊन कुणाच्या बोटाला टोचणार नाहीत. दिवाळीची वाट पाहू नका, या आठवड्यात लहान पाकिटातून पाठवा. पाकीट लहान असलं तरी आत वस्तू आहे, म्हणून लेबल संगणकावरचंच लागेल. त्यावर लिहा: हातशिलाईच्या सुया, ३ पाकिटं. आणि किंमत दुकानाच्या पावतीवर असेल ती.